संस्थापकानंतरची शाळा

1882 सालचा पावसाळा. पुण्यातली न्यू इंग्लिश स्कूल सुरू होऊन जेमतेम अडीच वर्षं झालेली. ज्यांच्या नावाच्या दबदब्यावर शाळा उभी राहिली ते विष्णुशास्त्री चिपळूणकर मार्चमध्येच, वयाच्या बत्तिसाव्या वर्षात गेले. जुलैमध्ये कोल्हापूर प्रकरणाचा, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्याचा, निकाल लागला आणि टिळक-आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात गेले. तिथे त्यांचे 101 दिवस गेले. म्हणजे ज्या मोजक्या माणसांनी ही शाळा उभी केली, त्यातला एक देवाघरी आणि दोघे कैदेत. एखाद्या गावातल्या नव्या शाळेवर आज असा प्रसंग आला तर पालक दुसऱ्याच दिवशी दाखले मागायला रांग लावतील.

ती शाळा मात्र चालू राहिली. वामन शिवराम आपटे होते, माधवराव नामजोशी होते, त्यांनी ती ओढली. दोन वर्षांनी, 1884 मध्ये, डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि जानेवारी 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज उघडलं.

या काळाबद्दल आपण शाळेत शिकतो ते त्याग, देशभक्ती, दोन मित्रांची भांडणं एवढंच. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटत आली आहे. त्या मंडळींनी शाळा कुणा एकाची होऊ दिली नाही. शिकवणारेच चालवणारे होते, आणि एक गळाला की दुसऱ्याला काम माहीत असायचं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत याची परीक्षा पुन्हा पुन्हा झाली. आपटे 1892 मध्ये गेले, आगरकर 1895 मध्ये. दोघेही फर्ग्युसनचे प्राचार्य असताना गेले, दोघांनीही चाळिशी पाहिली नाही. मग महादेव शिवराम गोळे आले. 1902 मध्ये रघुनाथराव परांजपे आले, ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. केंब्रिजला गणितात पहिला येऊन सीनियर रँग्लर झालेला माणूस, कुठल्याही सरकारी नोकरीत मानाने गेला असता. पण संस्थेत येईन हा शब्द त्याने आधीच दिलेला होता आणि महिना 75 रुपयांवर तो आला. पुढचा माणूस कोण, याचा विचार खुर्ची रिकामी व्हायच्या आधी सुरू झालेला असे.

माझं म्हणणं सरळ आहे. ना-नफा तत्त्वावर शाळा काढणाऱ्या माणसाचं नेतृत्व त्याने शाळा काढली यावरून ठरत नाही, तो बाजूला झाल्यावर शाळा कशी चालते यावरून ठरतं. आणि महाराष्ट्रात गेली चाळीस-पन्नास वर्षं आपण या दुसऱ्या गोष्टीकडे पाठ फिरवून बसलो आहोत. संस्थापकाचा अर्धपुतळा बसवतो, जयंतीला हार घालतो. त्याच्यामागे कारभार कुणाकडे गेला, कसा गेला, हे विचारणं मात्र आपल्याला असभ्यपणाचं वाटतं.

हे मी लांबून बोलत नाही. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावात एक छोटी मराठी शाळा आहे, तिच्या कार्यकारी मंडळात मी अकरा वर्षं होतो, त्यातली सहा खजिनदार म्हणून. सर आणि बाई या जोडप्याने ती काढली. भातगिरणीच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन, चौदा मुलांवर. दोघांनी आपली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम त्यात घातली. सर पहाटे साडेपाचला शाळेत हजर असायचे, टाकीत पाणी चढवायला. पावसाळ्यात कौलं फिरवायला स्वतः वर चढायचे. पालकांपैकी कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाच्या बोटीला यंदा मासळी लागली नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं आणि त्यावरून कुणाची फी पुढे ढकलायची हे ठरायचं. अशी माणसं मी आयुष्यात दोन-तीनच पाहिली.

सरांना एकोणऐंशीव्या वर्षी, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला.

शाळा उघडली तेव्हा पहिला प्रश्न पगाराचा आला. बँकेत संयुक्त खातं होतं, दोन सह्यांचं. एक सही सरांची. दुसरी ज्या अध्यक्षांची, ते दोन वर्षांपूर्वी वारलेले होते. त्यांच्या जागी नव्या माणसाचं नाव आम्ही ठरावाने घेतलं होतं, इतिवृत्तात लिहिलंही होतं, पण बँकेत बदललंच नव्हतं, कारण सर स्वतः मॅनेजरशी बोलून निभावून नेत. आता बँकेने परिशिष्ट एकचा ताजा उतारा मागितला, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत आज विश्वस्त कोण आहेत त्याचा कागद. तो काढायला गेलो तर कळलं, नोंदीत अजून जुनीच नावं आहेत. सात जणांपैकी तिघं हयात नव्हते. मधल्या काळात झालेल्या निवडीचा बदल अहवाल, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा अर्ज, एका सभासदाच्या हरकतीमुळे सहा वर्षं पडून होता. सर म्हणायचे, "ते मी बघतो." आम्ही म्हणायचो, सर बघतायत. खजिनदार असून मी तो कागद एकदाही डोळ्यांखालून घातलेला नव्हता, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

चार महिने पगार झाले नाहीत. शिकवणाऱ्या एका बाईंनी पाटल्या गहाण टाकल्याचं मला फार उशिरा कळलं, तेही त्यांच्याकडून नाही.

मग सरांचं कपाट उघडलं. चावी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची ती बाईंनी आणून दिली. आत सगळं शिस्तीत होतं: जनरल रजिस्टरं, मान्यतेचं पत्र, पावतीपुस्तकांची अर्धुकं साल घालून बांधलेली. सर्वांत खालच्या खणात जमिनीचे कागद होते. सातबाऱ्यावर शाळेचं नाव नव्हतं. जागा सरांच्या वैयक्तिक नावावर घेतलेली होती, कारण त्या वेळी ट्रस्टची नोंदणी झालेली नव्हती आणि विकणारा थांबायला तयार नव्हता. पुढे ती ट्रस्टच्या नावावर करायची राहून गेली. कसलाही वाईट हेतू नव्हता. पण उद्या मुलांनी वारसहक्क सांगितला असता तर दोनशे दहा मुलांची शाळा कायद्याच्या नजरेत दुसऱ्याच्या अंगणात भरत होती.

मुलं सज्जन निघाली. दोघांनीही बक्षीसपत्राला तयारी दाखवली. तरी मुद्रांक, सह्या, परदेशातल्या मुलाचं मुखत्यारपत्र यात पावणेदोन वर्षं गेली. सगळ्यांची मुलं अशी नसतात, आणि असावीत अशी अपेक्षा धरून शाळा चालवायची नसते.

सरांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. ज्या गुणांमुळे शाळा उभी राहिली, त्याच गुणांमुळे ती त्या वर्षी मरणाच्या दारात गेली, हे मला सांगायचं आहे. सगळं अंगावर घेणारा माणूस असल्याशिवाय पहिली पाच वर्षं निघत नाहीत. परवानग्या, उधाऱ्या, पालकांची भीती, गावातल्या पुढाऱ्यांचे रुसवे, इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसा दारावरून जात असताना मराठी शाळेत मुलं टिकवणं, हे समितीच्या ठरावाने होत नाही. त्याला झपाटलेला माणूस लागतो. पण सहाव्या वर्षी त्याच माणसाने आपल्या डोक्यातली शाळा कागदावर आणि दुसऱ्यांच्या हातात उतरवायला सुरुवात करावी लागते. ते काम कंटाळवाणं असतं, त्यात टाळ्या नसतात आणि स्वतःचं महत्त्व रोज थोडं थोडं कमी होताना पाहावं लागतं. म्हणून ते राहून जातं.

आपल्याकडे हे जमलेली माणसं आहेत. धोंडो केशव कर्वे यांच्याइतका याचा चांगला नमुना मला दुसरा दिसत नाही. टिळकांनी 1890 मध्ये सोसायटी सोडली, गणिताची जागा मोकळी झाली, तेव्हा गोखल्यांनी कर्व्यांना बोलावून घेतलं. शिक्षकांनीच चालवलेली संस्था कशी असते हे कर्व्यांनी तिथे आतून पाहिलं. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली, पुढे पुण्याजवळ हिंगण्याला आश्रम नेला, 1907 मध्ये महिला विद्यालय सुरू केलं. आणि 1908 मध्ये त्यांनी निष्काम कर्म मठ काढला. या मठाबद्दल आपण फार कमी बोलतो. या संस्थांना आयुष्य देणारी माणसं तयार करायची, त्यांची घडी बसवायची, हाच मठाचा हेतू होता. म्हणजे आपल्यामागे कोण, हा प्रश्न त्यांनी पन्नाशीतच हातात घेतला होता. 1916 मध्ये महिला विद्यापीठ निघालं तेव्हा हिंगणं सांभाळायला माणसं होती, म्हणून अण्णा कर्वे मोकळे होऊ शकले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवी संस्था काढतात, ते केवळ उत्साहाच्या बळावर नव्हे. जुन्या संस्था त्यांच्यावाचून चालत होत्या.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं उदाहरण वेगळं आहे, आणि ते नेहमी अर्धंच सांगितलं जातं. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही विकलं, ही गोष्ट प्रत्येक शाळेच्या संमेलनात सांगतात आणि सांगितलीच पाहिजे. पण 1919 मध्ये कराडजवळच्या काल्याला सुरू झालेली रयत शिक्षण संस्था 1959 मध्ये कर्मवीर गेल्यानंतरही वाढत राहिली आणि आज तिच्या सातशेवर शाखा आहेत, त्याला दागिन्यांची गोष्ट पुरत नाही. मुष्टिफंड होता, घराघरातून मूठ मूठ धान्य. ज्या बाईने मूठभर ज्वारी दिली तिला ती शाळा आपली वाटली. कमवा आणि शिका होतं, मुलांनी दगड फोडून इमारती उभ्या केल्या. आणि आजीव सदस्यांची परंपरा होती, संस्थेत शिकलेला मुलगा संस्थेतच शिक्षक होऊन पुढे तिचा कारभार हाती घेतो ही वाट होती. 1948 मध्ये मुंबई सरकारने संस्थेचं अनुदान थांबवलं, तो धक्का तिने सोसला तो या मुळांवर.

दागिन्यांच्या गोष्टीचा एक दुरुपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून थोडं थांबतो. सहा-सात हजारांवर राबणाऱ्या शिक्षिकेने पगारवाढ मागितली की संस्थाचालक लक्ष्मीबाईंचं नाव काढतात. लक्ष्मीबाईंनी स्वतःचं मंगळसूत्र विकलं होतं, शाळेत नोकरी करणाऱ्या बाईचं नव्हे. टिळकही आजीव सदस्यांनी बाहेरची कमाई करू नये, जेझुइट पाद्र्यांसारखं राहावं म्हणत होते, आणि आगरकर-गोखल्यांना संसाराच्या गरजा दिसत होत्या. त्या वादात मी आगरकरांच्या बाजूचा आहे. पण दोन्ही बाजू स्वतःच्याच पगाराबद्दल बोलत होत्या. 75 रुपये ठरवणारे तेच होते आणि घेणारेही तेच. म्हणून त्या त्यागाला अर्थ होता. ज्यांच्या हाती निर्णय नाही त्यांच्या वाट्याला तुटपुंजा पगार देऊन त्याला ध्येयवाद म्हणायचं, हे शोषण आहे. विनाअनुदानित शाळांतले शिक्षक पंधरा-पंधरा वर्षं नाममात्र पैशांवर शिकवून आझाद मैदानात जाऊन बसत आले, त्यातल्या कितीतरी शाळांच्या दर्शनी भिंतीवर कर्मवीरांची तसबीर आहे.

शिकवणारे आणि चालवणारे एकमेकांपासून तुटले कधी? माझ्या मते याला एक चांगली गोष्ट कारणीभूत झाली. सरकारने शिक्षकांच्या पगाराची जबाबदारी घेतली. ते व्हायलाच हवं होतं. हजारो घरांत त्यामुळे दोन वेळची चूल पेटली. पण त्यानंतर संस्थेकडे पगाराची चिंता उरली नाही आणि शिक्षकाला संस्थेची चिंता करायचं कारण उरलं नाही. संस्थेकडे राहिली ती इमारत, जागा आणि नेमणुकीचा अधिकार. या अधिकाराची किंमत कशी होऊ लागली हे गावोगावी उघड बोललं जातं. भरतीसाठी सरकारला पवित्र पोर्टल आणावं लागलं ते उगाच नाही. 1983 नंतर विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयं निघू लागली, शिक्षणसम्राट हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आला, आणि संस्था म्हणजे घराण्याची मिळकत ही कल्पना इतकी रुळली की आता अध्यक्षाचा मुलगा सचिव झाला तर कुणाची भुवई वर जात नाही.

कायद्याने ही शाळा ना-नफा असते. संस्था नोंदणी अधिनियम 1860 चा, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 चा. सात माणसं लागतात. व्यवहारात ते सात जण नवरा, बायको, मेहुणा, दोन भाचे, एक मित्र आणि घरचा हिशेबनीस असे असतात. फायदा वाटून घ्यायला बंदी आहे, पण शाळेची इमारत घरच्याच कुणाची असली आणि शाळा तिचं भाडं भरत असली तर नफा कुठून कुठे गेला हे ऑडिटच्या तक्त्यात दिसत नाही. असं सगळीकडे चालतं असं मी म्हणणार नाही. फार प्रामाणिक घराण्यांनी चालवलेल्या शाळा मला माहीत आहेत. पण प्रामाणिकपणा वारशाने येतोच असं नाही, आणि तो न आल्यास शाळेला वाचवणारी काहीच तरतूद आपण ठेवत नाही.

यावर एक उत्तर हमखास येतं. मालकी नसेल तर जीव कोण ओतणार? निवडणुका घ्या म्हणता, पण निवडणूक झाली की गट पडतात, आमदाराचा माणूस दोनशे सभासद करून घेतो आणि शाळा पक्षाच्या ताब्यात जाते. हे खोटं नाही. जुन्या नावाजलेल्या संस्थांत असे पॅनेलचे झगडे झाले आहेत, धर्मादाय आयुक्तांपासून उच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत, आणि त्यात मुलांचं नुकसान झालं आहे. म्हणून सभासदत्व सगळ्यांना खुलं करा आणि हात वर करून अध्यक्ष निवडा, एवढं म्हणून भागत नाही हे मलाही मान्य आहे.

पण घराणं किंवा पॅनेल, एवढे दोनच पर्याय आहेत हे मान्य नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या मूळ घडीत तिसरा पर्याय होता: ज्याने ठरावीक वर्षं शिकवण्यात घातली, संस्थेच्या बांधिलकीत काढली, त्याला कारभारात आवाज. आवाज रक्ताने मिळत नव्हता, वर्गणी भरूनही मिळत नव्हता. तो कामाने मिळत होता. आजीव सदस्यांची ती जुनी रीत आज जशीच्या तशी आणता येणार नाही, वीस वर्षांची शपथ आणि ठरीव मानधन आजच्या तरुण शिक्षकाकडून मागणं चूक ठरेल. तिचा गाभा मात्र आणता येतो. खाजगी शाळांच्या सेवाशर्तींच्या 1981 च्या नियमांत शाळा समिती आहेच, मुख्याध्यापक तिचा सचिव असतो, एक शिक्षक सदस्य असतो. किती शाळांत ही समिती खरोखर बसते आणि किती ठिकाणी इतिवृत्त लिपिकाच्या टेबलावर तयार होऊन सह्यांसाठी फिरतं, हे शिक्षकांना विचारा. मी म्हणतो, विश्वस्त मंडळात तीन-चार तरी जागा दहा वर्षं शिकवलेल्या शिक्षकांच्या असाव्यात, आणि हे घटनेत लिहिलेलं असावं. संस्थापकाच्या मर्जीवर नको.

घटना दुरुस्त करताना आणखी एक गोष्ट मी आग्रहाने लिहून घेईन. अध्यक्ष आणि सचिव यांना दोन मुदतींच्या वर नाही, संस्थापकालाही नाही. त्याला सल्लागार करा, मान द्या, मुलांना गोष्टी सांगायला बोलवा. पण चेकवर सही त्याची नको. मी हे बोललो तेव्हा काही संस्थापकांना राग आला. एक ताई रडल्या. "माझं मूल आहे ते," म्हणाल्या. मला त्यांचं दुःख कळतं. तरी मला वाटतं, मूल म्हटल्यावर तर ते कधीतरी आपलं बोट सोडून चालणार, हे आईनेच सर्वांत आधी धरून चालायला हवं.

पैशाचं बोलायचं राहिलं. फीवर चालणारी, पण गरिबाची मुलं घेणारी शाळा नेहमीच दोन-तीन महिन्यांच्या खर्चावर तगलेली असते. शिक्षणहक्काच्या 25 टक्के जागांची सरकारी प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही, हे सर्वांना माहीत आहे. देणगीदार उदार असतात, पण त्यांना संगणक कक्ष द्यायचा असतो, वर नावाची पाटी लावायची असते. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून टॅब मिळतात, स्वच्छतागृहं मिळतात, तीही हवीतच. मराठीच्या बाईंचा पगार कुणाला द्यायचा नसतो. पण शाळा म्हणजे त्या बाईच. म्हणून संस्थापकाने आपल्या उमेदीच्या काळात, लोक आपल्या शब्दाला मान देतात तोवर, पगारासाठीची ठेव उभी करावी. इमारतीचा दुसरा मजला नंतर झाला तरी चालतो. आमच्या सरांनी याच्या उलट केलं. मजला चढवला, उद्घाटन थाटात झालं, आणि झटका आला त्या दिवशी ठेवीत एका महिन्याचाही पगार नव्हता. त्या मजल्याच्या ठरावावर माझीही सही आहे.

आणि माणूस तयार करायला वेळ लागतो, वर्षं लागतात. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडला आदिवासी वस्त्यांत अंगणवाडी, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा असे प्रयोग झाले, ते दोघींनी मिळून केले. 1973 मध्ये ताराबाई गेल्या तेव्हा अठ्ठावीस वर्षं सोबत काम झालेलं होतं. सोपवायचं म्हणून वेगळं काही उरलंच नव्हतं. अनुताईंनी पुढे जवळजवळ वीस वर्षं ते चालवलं. वारस जाहीर करण्याचा समारंभ करून हे साधत नाही. रोजच्या निर्णयांत दुसऱ्याला चुकू द्यावं लागतं, आणि तो चुकत असताना हात पाठीमागे बांधून उभं राहावं लागतं. संस्थापकांना हेच सर्वांत जड जातं.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत मराठीतून शिकवणाऱ्या काही फार सुंदर शाळा निघाल्या. कोल्हापूरचं सृजन आनंद, फलटणचं कमला निंबकर बालभवन, पुण्याचं अक्षरनंदन, नाशिकचं आनंद निकेतन. इंग्रजी माध्यमाचा लोंढा असताना या शाळांनी मुलाला त्याच्या भाषेत विचार करायला शिकवलं. त्या काढणाऱ्या पिढीतली काही माणसं आता नाहीत, काही फार थकली आहेत. अशा नाव नसलेल्या छोट्या शाळाही जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, एकेका सरांच्या, एकेका ताईंच्या. पुढच्या दहा वर्षांत त्यांच्यापैकी किती टिकतील हे तिथल्या अभ्यासक्रमावरून ठरणार नाही, तो उत्तम आहे. ते बदल अहवालावर ठरेल, सातबाऱ्यावर ठरेल, आणि पस्तिशीतल्या एखाद्या शिक्षिकेला आज कारभारात कुणी बसवून घेतलं आहे का यावर ठरेल. या शाळा गेल्या तर त्या पुन्हा काढणारं कुणी मला समोर दिसत नाही, म्हणून हे लिहिताना माझा जीव वरखाली होतो.

आमच्या शाळेचा बदल अहवाल दीड वर्षांपूर्वी मंजूर झाला. घटना दुरुस्त झाली. नऊ विश्वस्तांत आता चार शिक्षक आहेत आणि ज्या बाईंनी पाटल्या गहाण टाकल्या होत्या त्या सचिव आहेत. पगाराची ठेव चार महिन्यांपर्यंत आली आहे, सहावर न्यायची आहे. जूनमधली वार्षिक सभा पाचवीच्या वर्गात झाली. सर आले होते, बाईंनी आणि शिपाईदादांनी धरून आणलं. वाचा बरीच परतली आहे, शब्द मात्र सावकाश येतात. पुढे खुर्ची ठेवली होती, ती त्यांनी नको म्हटली आणि मुलांच्या बाकावर, खिडकीजवळ बसले. जमाखर्चाचं वाचन चालू असताना त्यांनी डावा हात वर केला. सचिव बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "सर, दोन मिनिटं. एवढा खर्चाचा तक्ता पुरा करते, मग तुमचा प्रश्न घेते."

सरांनी मान हलवली आणि हात खाली घेतला.